शौचालयाआधी मैल्याची वाट ठरवा

संपादक महोदय,

दाट झोपडवस्तीत शौचालय बांधायचे ठरले की चर्चा सीट किती आणि टाइल्स कोणत्या, इथेच संपते. मैला पुढे कुठे जाणार, हा प्रश्न आधी सुटायला हवा.

सर्रास निवडली जाते सेप्टिक टँक. ती घन भाग तळाशी बसवते. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतातच. त्यासाठी ते जमिनीत मुरवणारा शोषखड्डा हवा, पण वस्तीत जागा नसते आणि पाइप उघड्या गटारात सोडला जातो. गाळ आणि वरचा तवंग यांनी टाकीचा तिसरा हिस्सा व्यापला की उपसा करावा लागतो. घरगुती टाकीत हे दोन-तीन वर्षांनी होते, सार्वजनिक शौचालयात फार लवकर. उपसा चुकला की पाणी टाकीत पुरेसे थांबत नाही, कच्चा मैला सरळ बाहेर जातो. वरून मात्र काहीच बिघडलेले दिसत नाही.

दोन खड्ड्यांचे शौचालय, म्हणजे एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, मोकळ्या जागेत उत्तम. दाटीत, भूजल वर असताना ते नकोच.

जवळ मुख्य मलवाहिनी असेल तर गल्लीतून उथळ वाहिनी टाकावी. ब्राझीलमध्ये १९८०च्या दशकापासून हे चालते. कराचीच्या ओरंगी वस्तीत रहिवाशांनीच गल्लीतल्या वाहिन्या टाकल्या. १०० मिलिमीटरचा पाइप, दोनशे मीटरला एक मीटर उतार. गाड्या जात नाहीत तिथे पाइपावर ४० सेंटिमीटर माती पुरते, त्यामुळे खोल चर खणून झोपड्यांचे पाये धोक्यात येत नाहीत. मोरीचे सांडपाणीही त्यातच सोडावे. नुसत्या शौचालयाच्या पाण्याने मैला वाहून जात नाही, पाइप तुंबतो. पावसाचे पाणी मात्र वेगळे हवे, नाहीतर त्याबरोबर वाळू आणि प्लास्टिक आत येते. वाहिन्या जिथे मिळतात तिथे सफाईसाठी चेंबर हवेच.

मलवाहिनी नसेल तर गळती नसलेली टाकी रस्त्याच्या कडेला, मैलागाडीची नळी पोहोचेल तिथेच बांधावी. अंतर गल्लीतल्या वळणांसह फिरून मोजावे, नकाशावर नव्हे. शौचालयाचे जास्त उताराचे भांडे आणि २० मिलिमीटरचे वॉटर सील (भांड्याखाली वास अडवणारे पाणी) घेतले तर दीड-दोन लिटर पाण्यात काम भागते आणि टाकी उशिरा भरते. झाकण मोठे, उघडता येणारे असावे, म्हणजे उपसा वरूनच होतो. आत विषारी वायू साचतो. माणूस उतरवणे म्हणजे त्याचा जीव घेणे.

निविदेत बांधकामाच्या रकमेशेजारी दहा वर्षांच्या उपशाचा खर्च, तो देणारा कोण आणि गाडी रिकामी होणारे शुद्धीकरण केंद्र लिहिलेले नसेल, तर प्रशासनाने तो प्रस्ताव परत पाठवावा.

— नागरी स्वच्छता क्षेत्रातील काही अभियंते