185 च्या खटल्याबद्दल, अर्ज भरण्याआधी

प्रिय निखिल,

तुझं पत्र वाचलं. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात आहे, एअरलाइनची भरती निघाली आहे आणि 2022 च्या त्या नाकाबंदीत दारू पिऊन गाडी चालवताना सापडलास म्हणून तू अर्ज भरायलाच बिचकतोयस. अर्ज भर. फक्त काय भरायचं ते नीट समजून घे, कारण अशी प्रकरणं बहुतेक वेळा जुन्या चुकीपेक्षा अर्जातल्या उत्तरामुळे बिघडतात.

सिग्नल तोडल्याचं, हेल्मेट नसल्याचं, नो पार्किंगचं ई-चलान मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली तडजोड शुल्क भरून मिटतं. तिथे कोर्टाने दोषी ठरवलेलं नसतं. अशी चलानं थकली असतील तर आजच भर, कारण न भरलेलं चलान कोर्टात जातं आणि मग समन्स निघतं. तुझं प्रकरण यात बसत नाही. कलम 185, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं, हे कलम 200 च्या यादीतच नाही. ते कोर्टात जातं. तू मॅजिस्ट्रेटसमोर गुन्हा कबूल केलास आणि दंड भरलास, म्हणजे तुला दोषी ठरवून शिक्षा झाली. ‘दंड भरला, विषय संपला’ असं घरचे म्हणत असतील, पण ‘कधी दोषी ठरवलं गेलं आहे का’ या प्रश्नाचं तुझं खरं उत्तर ‘हो’ आहे.

सगळ्यात आधी कागद गोळा कर. ई-कोर्ट्सच्या साइटवर नावाने शोधून केस नंबर आणि 16 अक्षरांचा सीएनआर नंबर (केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) काढ. मग त्या कोर्टाच्या नक्कल विभागात कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दे आणि निकालाची प्रमाणित नक्कल माग. सोबत दंडाची पावती आणि ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या रीडिंगचा कागदही माग. हे रीडिंग पुढे व्हिसासाठी कामाला येईल, ते खाली सांगतो. गाडी चालवण्याचा परवाना निलंबित झाला होता ना? तो आता चालू आहे असं वाहन परवान्यांच्या सरकारी ‘सारथी’ पोर्टलवर दिसतंय का तेही बघून घे.

आता तुला तपासतं कोण? ऑफर मिळाल्यावर एअरलाइन बाहेरच्या कंपनीकडून पडताळणी करून घेते. ती माणसं तुझं नाव, वडिलांचं नाव आणि पत्ता घेऊन कोर्टाचं रेकॉर्ड चाळतात, म्हणजे तू जिथे केस शोधलीस तिथेच तेही शोधणार. दुसरी चाळण विमानतळाच्या एंट्री पासची. नागरी विमान सुरक्षा ब्युरोचा हा पास एअरलाइनमार्फत मिळतो आणि त्यासाठी पोलीस पडताळणी होते. पास नाही तर ड्युटी नाही, मग वैमानिक असो की ग्राउंड स्टाफ. त्या ब्युरोचा खरा रोख सुरक्षेला धोका ठरणाऱ्या गुन्ह्यांवर असतो. दंडावर संपलेल्या एका 185 पेक्षा, अपघातात कोणी जखमी झालं म्हणून दाखल झालेला आणि अजून चालू असलेला एफआयआर जास्त जड जातो. तुझ्या बाबतीत कोणाला इजा झाली नव्हती, हे मोठं आहे. तुझ्या उत्तरात हे स्पष्ट यायला हवं.

लपवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा अवतार सिंग निकाल वाच. किरकोळ गुन्हा लपवला गेला असेल तर मालक तो दुर्लक्षू शकतो, आणि खरं सांगितलं तरी नेमणूक द्यायलाच हवी असं बंधन त्याच्यावर नाही, असं त्यात आहे. तो निकाल सरकारी नोकरीबद्दलचा आहे. खासगी एअरलाइनकडे तेवढी सवलत मागायलाही जागा नसते, कारण ‘माहिती खोटी निघाल्यास सेवा समाप्त’ या ओळीखाली तुझीच सही असते. लपवलेलं दोन वर्षांनी, टाइप रेटिंगचा (ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचा) बाँड डोक्यावर असताना निघालं तर काय होईल, याचा विचार कर.

मुलाखतीत हा विषय दारूवरच येणार. रस्त्यावर रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, उड्डाणाआधीच्या चाचणीत शून्य लागतं. पहिल्यांदा सापडलास तर डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, 3 महिने वैमानिकाचं लायसन्स निलंबित करतं, दुसऱ्यांदा 3 वर्षं. समोरच्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की ती एक रात्र होती की सवय. मित्रांनी आग्रह केला, पोलिसांनी उगाच धरलं, असलं काही बोलू नकोस. मेडिकलच्या अर्जातही दारूबद्दल विचारलेलं खरंच लिही. अर्जासाठी एवढं पुरे: ‘2022 मध्ये मोटार वाहन कायदा कलम 185 खाली दोषी ठरलो. अपघात किंवा इजा नाही. दंड त्याच दिवशी भरला. वाहन परवाना आता वैध आहे. त्याआधी वा नंतर दुसरी नोंद नाही. प्रमाणित नक्कल जोडली आहे.’

मला खरी काळजी व्हिसाची वाटते, आणि याबद्दल तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. अमेरिकेच्या क्रू व्हिसाच्या डीएस-160 अर्जात अटक किंवा शिक्षा झाली का, असं विचारतात. गेल्या 5 वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याची एक जरी अटक वा शिक्षा असेल तर दूतावास नेमून दिलेल्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवतो. त्यात वेळ जातो, पण दार बंद होत नाही. कॅनडा जास्त कडक आहे. 18 डिसेंबर 2018 पासून तिथे या गुन्ह्याची कमाल शिक्षा 10 वर्षं झाली, त्यामुळे परदेशातली एकच शिक्षाही ‘गंभीर गुन्हेगारी’त धरली जाऊ शकते. शिक्षा पुरी होऊन 5 वर्षं झाली की पुनर्वसनाचा, म्हणजे जुनी शिक्षा प्रवेशाच्या आड येऊ नये यासाठीचा, अर्ज करता येतो. तिथली मर्यादा 80 मिलिग्रॅम आहे. तुझं रीडिंग 30 च्या वर पण 80 च्या बरंच खाली असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला मुद्दा मांडता येतो. एवढ्याने सुटका होईल असं नाही, कारण नशेत गाडी चालवणं हा तिथे आकड्याशिवायही गुन्हा आहे.

म्हणून सुरुवात देशांतर्गत उड्डाणं जास्त असलेल्या एअरलाइनपासून कर. टोरंटो, न्यूयॉर्कला जाणारी मोठी विमानं नंतर बघू.

नक्कल मिळाली की तिचा आणि रीडिंगच्या कागदाचा फोटो पाठव. अर्जातल्या प्रश्नाचे नेमके शब्दही तसेच उतरवून पाठव. ‘अटक’, ‘खटला प्रलंबित’ आणि ‘दोषसिद्धी’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांतला कोणता विचारलाय ते बघूनच उत्तर लिहू.

तुझा,
मंदार