शनिवारचा बालचित्रपट : ग्रिंच

सभासद पालकहो, येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या हॉलमध्ये ‘हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ (२०००) दाखवणार आहोत. रॉन हॉवर्ड यांचा हा विनोदी सिनेमा डॉ. स्यूस यांच्या १९५७च्या बालपुस्तकावर बेतलेला आहे.

गावाचा नाताळच चोरायला निघालेला हिरवा, केसाळ ग्रिंच जिम कॅरीने असा काही रंगवलाय की मोठ्यांचीही हसून पुरेवाट होते. याकच्या केसांचा तो अंगरखा आणि चेहऱ्यावरचा मुखवटा नीट पाहा. या सिनेमाला रंगभूषेचं ऑस्कर मिळालं, ते उगीच नव्हे! मॅक्स नावाच्या कुत्र्याला लाल नाक लावून रेनडिअर बनवण्याचा प्रसंग मुलांना नक्की आवडेल.

एक विनंती : ग्रिंच सुरुवातीला जरा भीतीदायक वाटतो. चार-पाच वर्षांच्या मुलांसोबत घरातलं कुणीतरी बसाच. संवाद इंग्रजीत आहेत. गोष्ट आधी मराठीत सांगून ठेवलीत तर मुलं मध्ये मध्ये विचारत बसणार नाहीत. पुस्तक वाचनालयात मिळालं तर जरूर दाखवा, त्यातली लाल-काळी चित्रं फार सुंदर आहेत.

किती जण येणार ते गुरुवारपर्यंत ग्रुपवर कळवा, सतरंज्या त्या हिशेबाने घालू. सिनेमा पावणेदोन तासांचा आहे, मुलांना काहीतरी खाऊ घालूनच आणा.