बंडीचं बटण

चि. माई,
अनेक आशीर्वाद.

तुझं चित्र मोबाईलवर बघितलं. गटारीचं टेंडर गिळून ढेकर देणारा पुढारी! गल्लीत सगळ्यांनी ओळखला, त्यानंसुद्धा. काल त्याचा माणूस दुकानात आला. मला वाटलं, आता काचा फुटणार. पण म्हणाला, ‘साहेबांच्या वाढदिवसाचे सगळे फलक पोरीकडूनच करून घ्यायचेत, ॲडव्हान्स देतो.’ चहा पाजून वाटेला लावलं. हो-नाही काही बोललो नाही.

मागच्या महिन्यात कॅम्पातले एक रिटायर कर्नल दोन जुन्या इंग्रजी चित्रांच्या प्रती फ्रेमला देऊन गेले. गिलरे नावाच्या माणसानं १७९२ साली काढलेली. एकात युवराज, पुढं चौथा जॉर्ज झाला तो. जेवून खुर्चीत रेललाय, काट्यानं दात कोरतोय, पोट एवढं की बंडीचं एकच बटण कसंबसं तग धरून. मागं भरून वाहणारं मुताचं भांडं, आणि ते ठेवलंय खाटकाच्या, पाववाल्याच्या थकलेल्या बिलांवर. खाली फासे आणि जुगाराच्या उधारीचा कागद. फळीवर गुप्तरोगाची औषधं (कर्नलसाहेबांनी भिंग लावून दाखवली, मी आपला काच पुसत राहिलो). या युवराजानं १७८५ साली एका विधवेशी चोरून लग्न केलं होतं, आणि १७८७ साली पार्लमेंटनं त्याच्या कर्जापोटी १,६१,००० पौंड भरले होते. जोडीच्या चित्रात त्याचे आईबाप. राजा उकडलेलं अंडं खातोय, राणी पाला कोंबतेय.

शेजारचा कानडी टेलर बघून पोट धरून हसला. आपल्याकडं पाटीवर कुठलं अक्षर वर नि कुठलं खाली यावरून राडे होतात, त्या बटणाला मात्र दुभाषा लागला नाही. न्यूयॉर्कच्या बॉस ट्वीड या भ्रष्ट पुढाऱ्याला तर नॅस्ट नावाच्या व्यंगचित्रकाराच्या चित्रांनी देशाबाहेरही सोडलं नाही. १८७५ साली कैदेतून पळाला, १८७६ साली स्पेनला पोचला, तिथं चित्रावरून ओळखून धरला.

पण हाच गिलरे १७९७ पासून सरकारकडून वर्षाला २०० पौंड पेन्शन घेऊ लागला. मग ब्रश विरोधकांवरच जास्त फिरला. क्रुकशँक या दुसऱ्या इंग्रज व्यंगचित्रकाराची तऱ्हा वेगळी. १८२० साली राजाकडून (म्हणजे त्याच चौथ्या जॉर्जकडून) १०० पौंड घेतले, ‘महाराजांना अनैतिक प्रसंगात दाखवणार नाही’ अशी पावती लिहून दिली, आणि त्याच वर्षी त्याच्या बायकोच्या, राणी कॅरोलाइनच्या, भानगडीत राजाला चितारलंच. लबाड म्हणू की शहाणा, मला ठरवता येईना. तुझी आई म्हणते, शहाणा.

फलकांचं तू ठरव. मी असतो तर घेतले नसते. तोंड बंद करायला कुणी आता पाकीट देत नाही, काम देतात. पण चित्राबद्दल बोलायचंच आहे. ढेकर झकास जमलाय. मानेवरच्या वळ्या कशाला? जाडेपणाला हसवून काय मिळवलंस? गिलरेच्या चित्रातलं पोट उधारीवर सुटलंय, ते दिसतं. तुझा टेंडरचा कागद कोपऱ्यात गेलाय, मला चष्मा लावून हुडकावा लागला. तो मोठा कर.

गणपतीत येशील तेव्हा मूळ कागद घेऊन ये. शिसवाची एक पट्टी बाजूला काढून ठेवलीय. आधी माप कळव, म्हणजे कापतो. तुझ्या मावशीबरोबर कुंदा पाठवलाय, दोन दिवसांत संपव.

तुझा,
बाबा