गुगलवरचा पहिला निकाल आणि नागरिकांचे पैसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिळकतकर भरायचा, सातबारा काढायचा, वीजबिलाची तक्रार नोंदवायची, जुन्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्यायची. पुण्यात आज यातले बहुतेक काम गुगलवर शोधूनच सुरू होते. शोधयंत्राचा उपयोग मोठा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सगळ्यात वर आलेले उत्तर कोणीतरी तपासून वर ठेवले आहे, असा समज शिकलेल्या घरांतही पक्का बसलेला दिसतो. या समजापायी लोकांच्या खात्यातले पैसे जातात, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आपण शोधशब्द टाकतो त्या क्षणी जाहिरातदारांमध्ये बोली लागते. बोलीची रक्कम आणि जाहिरात त्या शब्दाशी किती जुळते, अशा गोष्टींवरून वरच्या जागा वाटल्या जातात. अशा निकालांवर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते. मोबाइलवर तर कित्येकदा पहिला पूर्ण पडदा जाहिरातींनीच भरतो. हा धोका गुगलच्या संस्थापकांनाही ठाऊक होता. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ सालच्या शोधनिबंधात लिहिले होते, की जाहिरातींच्या पैशावर चालणारी शोधयंत्रे मुळातच जाहिरातदारांकडे झुकतील आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जातील. पुढे भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गुगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. निकालाच्या पानावर स्वतःच्या विमानप्रवास शोधसेवेला ठळक जागा दिली, हा त्यातला एक आक्षेप होता. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने गुगलने शोधसेवेतली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवल्याचा निकाल दिला. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलेच शोधयंत्र आधीपासून बसवलेले असावे, यासाठी कंपनीने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजल्याचे त्या खटल्यात उघड झाले. वापरणारा स्वतः निवड करतो असे आपण मानतो. ती निवड बहुतेक वेळा फोन विकत घेण्याआधीच झालेली असते.

सर्वांत जास्त नुकसान होते ते ‘कस्टमर केअर नंबर’ शोधताना. खोटा नंबर वर येण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली वाट थेट फोनचे बटण असलेल्या जाहिरातीची. दुसरी नकाशातली: गुगल मॅप्सवर एखाद्या बँकशाखेच्या किंवा दुकानाच्या नोंदीत कोणीही बदल सुचवू शकतो, आणि मूळ मालकाने ती नोंद ताब्यात घेतलेली नसेल तर चुकीचा नंबर तिथे बराच काळ राहू शकतो. तिसरी वाट अशी, की भामटे एकच नंबर कंपनीच्या नावासह प्रश्नोत्तरांच्या पानांवर, अभिप्रायांत, पीडीएफमध्ये शेकडो ठिकाणी पेरून ठेवतात. यंत्राला तो नंबर वारंवार दिसतो आणि ते तोच पुढे करते. आता निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश येतो; त्यातही असा पेरलेला नंबर अगदी ठाम भाषेत येऊ शकतो. फोन उचलणारा मग आपल्या फोनचा पडदा त्याला पाहू देणारे अ‍ॅप उतरवायला सांगतो किंवा ‘पडताळणीसाठी’ १० रुपये पाठवायला सांगतो. पुढचे सगळ्यांना माहीत आहे.

त्यामुळे फोन नंबर शोधयंत्रातून घेऊच नये. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे आणि पासबुकावर असतो, महावितरणचा बिलावर (१९१२ हा क्रमांक लक्षात ठेवायला सोपा), गॅसचा ग्राहक पुस्तिकेवर. आणि तरीही फसवणूक झालीच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, नंतर बाकीचे. सोबत व्यवहाराची वेळ, रक्कम आणि यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक तयार ठेवावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोहोचली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. तास उलटले की ती झपाट्याने घटते.

संकेतस्थळाचा पत्ता वाचण्याचीही एक रीत आहे. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या अलीकडचा भाग उजवीकडून डावीकडे वाचावा. सुरुवातीला ‘महाडिस्कॉम’ (महावितरणच्या स्थळाचे नाव) किंवा ‘सातबारा’ असे ओळखीचे नाव असले आणि रेघेच्या लगेच अलीकडे भलतेच नाव व ‘डॉट कॉम’ असले, तर ते स्थळ त्या भलत्याच नावाच्या मालकाचे. ‘जीओव्ही डॉट इन’ हा शेवट फक्त सरकारी यंत्रणांना मिळतो. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या शेवटावर जायला सांगितले होते, त्यामुळे बँकेचे खरे स्थळ ओळखणे आता बरेच सोपे झाले आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या ‘जीओव्ही डॉट इन’ स्थळावर १५ रुपयांत मिळतो. त्यासाठी शे-दोनशे रुपये मागणारे पान वर आले तर ते दलालाचे समजावे. नंबरप्लेटचेही तसेच. दुचाकीचा दर ४५० रुपये, चारचाकीचा ७४५ रुपये आणि त्यावर जीएसटी. नोंदणी मात्र परिवहन विभागाच्या स्थळावरच्या दुव्यावरूनच करावी.

मराठीत शोधणाऱ्याला आणखी एक अडचण सोसावी लागते, आणि तिचा दोष एकट्या गुगलला देता येणार नाही. आपल्याकडची हजारो जुनी पत्रके आणि अहवाल श्रीलिपी किंवा आयएसएम या टंकलेखन प्रणालींच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. या दोन्ही प्रणाली पुण्यातच घडल्या आणि त्या काळी त्यांनी मराठी छपाईचे मोठे काम केले. पण त्या फाइलमध्ये अक्षर मराठी दिसत असले तरी आत साठलेले संकेत रोमन अक्षरांचे असतात, म्हणून शोधयंत्राला तिथे निरर्थक अक्षरांची रांग दिसते. परीक्षा सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ उचलून व्हॉट्सअ‍ॅपच्या चौकटीत चिकटवावी. कचरा उमटला, तर तो मजकूर शोधात सापडणार नाही. स्कॅन करून चढवलेल्या कागदांत यंत्र अक्षरे ओळखू पाहते, पण जोडाक्षरे आणि आकडे हटकून चुकतात. मूळ कागद असा अदृश्य राहिला की शोधात वर येतात ती त्या विषयावरची ऐकीव माहितीची पाने.

‘लाडकी बहीण’ योजनेचे उदाहरण घ्या. जून २०२४ च्या शासन निर्णयात वयाची वरची मर्यादा ६० होती, जुलैमध्ये ती ६५ झाली. मध्य प्रदेशच्या ‘लाडली बहना’ योजनेत ती ६० आहे. लिपी एकच असल्यामुळे मराठी शोधात हिंदी पाने मिसळतात, आणि सारांश लिहिणारे यंत्र दोन राज्यांचे नियम एका परिच्छेदात सहज गुंफू शकते. यावर उपाय आहेत. शोधशब्दांसोबत ‘आहे’ किंवा ‘आणि’ हा शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत टाकला की हिंदी पाने बरीच गळतात. रोमन अक्षरांत ‘साइट’, त्याला चिकटून कोलन आणि पुढे ‘जीओव्ही डॉट इन’ असे लिहिले की फक्त सरकारी पाने उरतात. मिळकतकर, मिळकत कर, प्रॉपर्टी टॅक्स अशी तिन्ही रूपे टाकून पाहावीत. निकाल वेगवेगळे येतात. निकालांच्या वरच्या पट्टीतला ‘वेब’ हा पर्याय निवडला की सारांश बाजूला होतो आणि नुसते दुवे दिसतात. शासन निर्णय असेल तर त्याच्या शेवटी दिलेला १८ अंकी सांकेतांक पाहावा. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. हा क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत मिळते.

खात्री करायला दुसरे शोधयंत्र वापरणे चांगले, पण स्टार्टपेज मुख्यतः गुगलचेच निकाल दाखवते आणि डकडकगोचे बहुतांश निकाल बिंगकडून येतात. गुगल आणि स्टार्टपेज या दोन्हींवर एकच उत्तर मिळाले तर ती दुसरी साक्ष ठरत नाही.

पुणे महापालिकेला एक विनंती. मुख्य संकेतस्थळ ‘जीओव्ही डॉट इन’ वर आणि मिळकतकर भरायचे पान ‘पुणेकॉर्पोरेशन डॉट ऑर्ग’ वर, अशी विभागणी नागरिकाला खरे-खोटे ओळखणे अवघड करते. करभरणाही सरकारी पत्त्यावर आणावा, तोपर्यंत प्रत्येक बिलावर पूर्ण पत्ता ठळक छापावा आणि सर्व नवी पत्रके युनिकोडमध्येच (शोधयंत्राला वाचता येणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेतांत) प्रसिद्ध करावीत. आपल्या दैनिकानेही महापालिका, महावितरण, परिवहन आणि भूमी अभिलेख यांचे तपासलेले पत्ते व नंबर यांची छोटी चौकट दर सोमवारी ठरलेल्या पानावर द्यावी, म्हणजे ती कापून घरातल्या फोनशेजारी चिकटवता येईल.

आपले,
ग्रंथालय आणि संगणक क्षेत्रात काम करणारे काही वाचक,
सदाशिव पेठ, पुणे