दहातल्या एकीला होणारा आजार क्वचित कसा?

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या महिलांच्या पुरवणीत पाळीच्या दुखण्यावर लेख आला होता, लेख चांगला होता, पण एंडोमेट्रिओसिसला (गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर वाढतो तो आजार) त्यात एकच ओळ होती आणि त्या ओळीत "क्वचित आढळणारा आजार" असं छापलंय. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. क्वचित नाहीये हो तो. जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के बायका-मुलींना हा असतो, जगभरात मिळून १९ कोटी. आपण म्हणतो ना की शुगर आता घरोघरी आहे, तर आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीचा आकडा २०२३ मध्ये आला तो मोठ्या माणसांत ११.४ टक्के होता. म्हणजे जवळपास तेवढंच. पण शुगर म्हटलं की शाळेतल्या पोरालाही कळतं, आणि हा शब्द मी वयाच्या ४९ व्या वर्षी पहिल्यांदा वाचला, तोही लेकीच्या फाईलवर.

मी मग घरी बसून हिशोब केला. २०११ च्या जनगणनेत मुंबईत बायका ५७ लाखांच्या आसपास होत्या. त्यातल्या निम्म्याच पाळीच्या वयातल्या धरल्या तरी दहात एक म्हणजे पावणेतीन लाखांच्या वर जातं, एकट्या मुंबईत. माझी लेक भांडुपहून रोज स्लो लोकलने जाते, सकाळी लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नसते, त्या गर्दीत शंभर जणी धरा, दहा जणी निघतील. त्यातली एखादी दांडीला लटकून घाम पुसत असते आणि बाकीच्यांना वाटतं हिने नाश्ता केला नसेल.

लेकीचं चौदाव्या वर्षी सुरू झालं. पहिल्या दिवशी उलट्या, कमरेपासून मांडीपर्यंत कळा, आणि पाळीत संडासला बसताना रडायची. मी काय केलं? ओव्याचं पाणी दिलं, गरम पाण्याची पिशवी दिली, दुखण्यावरची मेफ्टालची गोळी दिली आणि वर म्हटलं, आम्हाला पण दुखायचं, बाईच्या जातीला हे असतंच. दहावीच्या परीक्षेत एक पेपर अर्धा सोडून आली तेव्हा सुद्धा मी तिलाच बोलले. ते आठवलं की अजून घशात दाटतं. डॉक्टर चार बदलले. कुणी अ‍ॅसिडिटी म्हणालं, कुणी लघवीचं इन्फेक्शन, एकाने अपेंडिक्सचा संशय घेतला, आणि एका बाईंनी तर सरळ सांगितलं की लग्न होऊन एक मूल झालं की थांबेल. सोनोग्राफी दोनदा केली, दोन्ही वेळा नॉर्मल. नॉर्मल आली म्हणून आम्ही गप्प बसलो, इथेच आमचं चुकलं, कारण सुरुवातीचे बारीक चट्टे सोनोग्राफीत दिसतच नाहीत पुष्कळदा. शेवटी २३ व्या वर्षी एका डॉक्टरांनी नीट विचारलं, कधी दुखतं, पाळी नसताना दुखतं का, संडासला त्रास होतो का, आणि मग एमआरआय करून घेतला. अंडाशयात चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ होती आणि आतडं गर्भपिशवीला चिकटलेलं होतं. दुर्बिणीने ऑपरेशन झालं. नऊ वर्षं गेली साहेब! आणि डॉक्टर म्हणाले बऱ्याच जणींची सात ते दहा वर्षं जातातच, तुम्ही एकट्या नाही.

त्यांनी समजावलं ते असं की पिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर वाढतो, अंडाशयावर, आतड्यावर, लघवीच्या पिशवीवर, आणि पाळीच्या चक्राबरोबर तो पण सुजतो, त्यातून रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग सूज, चट्टे, चिकटून बसणं. पाळीचं थोडं रक्त उलटं पोटात जाणं हे बहुतेक बायकांना होतं म्हणे, मग ठराविक जणींनाच हा आजार का होतो याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडेच नाही. त्यामुळे बाहेरचं खाल्लं, उशिरा लग्न केलं, असं म्हणून पोरीला दोष देऊ नका. आणि दुखणं किती यावर आजार किती ते ठरत नाही, थोड्याशा चट्ट्यांनी पण एखादी लोळते आणि मोठी सिस्ट असून एखादीला काहीच कळत नाही, मूल राहत नाही म्हणून तपासायला गेली की सापडतं. मुळापासून जाईल असं औषध नाही, गोळ्यांनी ताब्यात राहतो. पिशवी काढून टाका म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण जे पिशवीच्या बाहेर वाढलंय ते मागे राहिलं तर दुखणं राहू शकतं.

आई किंवा बहिणीला असेल तर शक्यता वाढते हे पण तेव्हाच कळलं. माझ्या दोन मुलांत सात वर्षांचं अंतर आहे, सासूबाई नवस बोलल्या होत्या, तपासणी कुणी सुचवली नाही.

यंदा बिल्डिंगच्या हळदीकुंकवाला मी मुद्दाम विषय काढला. आधी सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, पुरुष आत बसलेत म्हणून आवाज खाली, आणि मग तिळगूळ हातातच राहिला. दोघींची दुर्बिणीची ऑपरेशनं झालेली, एकीच्या पुतणीचं चालू आहे, आणि एक तर माझ्या खालच्याच मजल्यावरची, बारा वर्षं एकाच जिन्याने चढतो उतरतो आम्ही.

म्हणून विनंती आहे की एक पूर्ण पान द्या याला. महापालिकेच्या शाळांत आणि पालिकेच्या 'आपला दवाखाना' केंद्रांत आठवी नववीच्या मुलींना एवढं तरी विचारलं जावं की पाळीमुळे शाळा बुडते का, तेही छापा, वाचलं तर कुणीतरी मनावर घेईल. आणि शब्द मोठ्या अक्षरात छापा प्लीज. त्या दिवशी हळदीकुंकू आटपल्यावर खालच्या मजल्यावरच्या ताई परत वर आल्या, त्यांची धाकटी नववीत आहे, म्हणाल्या ते नाव लिहून द्या, डॉक्टरसमोर बोलताना जीभ अडखळते. मी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहून दिलं, एंडोमेट्रिओसिस. शनिवारी त्या घेऊन गेल्या.

एक वाचक, भांडुप
(कृपया नाव छापू नये, लेकीला ऑफिसात ओळखतात.)