सॉलिड ॲक्सल जुनाट कसा?

संपादक साहेब,
तुमच्या वाहन पुरवणीत इंडिपेंडंट सस्पेन्शनच (प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होणारं) सरसकट भारी असं लिहिलंय, ते काही पटलं नाही बुवा. हायवेला मान्य, एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही. पण दगडधोंड्यात सॉलिड ॲक्सलचं, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्याने जोडलेली असतात त्याचं, एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं आणि डिफरन्शियलही (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) ॲक्सलसोबतच वर उचललं जातं, इंडिपेंडंटमध्ये ते चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला टांगलेलं, स्प्रिंग दबली की थेट दगडाजवळ! टोयोटाने १९९८ला लँड क्रूझर १००ला पुढे इंडिपेंडंट दिलं तरी तिच्याच १०५ मॉडेलला पुढे सॉलिडच ठेवला, तो काय उगाच? जीप रँग्लर, सुझुकी जिम्नी या गाड्या अजून तशाच आहेत. सॉलिडचं वजन जास्त, स्टिअरिंग थरथरतं, हे खरंय, पण पुरवणीत निम्मीच गोष्ट आली.

एक वाचक