पाचवी तार ऐकायला शिकवणाऱ्या भाऊंना

नागपूर

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

नवा पाच तारांचा बेस गिटार आता हातात रुळला आहे. कॉलेजच्या मैदानावर, धरमपेठेतल्या कॅफेत, वर्धा रोडच्या लॉनवर असा सगळीकडे वाजून झाला आणि मगच हे पत्र लिहायला बसलो. समोर आभार मानले असते तर "राहू दे बे, चहा सांग" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून लिहून मानतो, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो. तुम्ही मला जे दिलंत ते या शहरात बेस वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

सर्वांत आधी आभार त्या प्रश्नाचे. मी मॉडेलांची यादी घेऊन आलो होतो. तुम्ही ती हातातही घेतली नाही. "पाचवी तार कायले पाह्यजे तुले? कोणत्या गाण्यात वाजवणार हायेस?" एवढंच विचारलंत आणि आमच्या बँडच्या गाण्यांचा कागद मागितलात. प्रत्येक गाण्यापुढे पेन्सिलीने हार्मोनियमच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या नावाने त्याची पट्टी लिहीत गेलात. आमची गायिका मूळ पांढरी तीनमधली बरीच गाणी पांढरी दोनमध्ये गाते, काही काळी एकमध्ये. चार तारांच्या बेसवर सर्वांत खालचा स्वर पांढरी तीनचा, म्हणजे ई. त्याखाली जायचं तर एकतर तार उतरवायची, नाहीतर तो स्वर एक सप्तक वर घ्यायचा. वर घेतला की गाण्याखालची जमीनच जाते. आणि तार उतरवत बसायला स्टेजवर वेळ कुठे असतो? दहाला लाउडस्पीकर बंद करायचा असतो, आयोजक घड्याळाकडे बोट दाखवत उभा असतो. पाचव्या तारेने काळी दोन, पांढरी दोन, काळी एक, पांढरी एक आणि पांढरी सात (म्हणजे बी, पाचव्या तारेचा मोकळा स्वर) असे पाच स्वर खाली मिळतात. तुमच्या कागदावर त्यातल्या चार स्वरांची गरज स्पष्ट दिसत होती. मग तुम्ही म्हणालात, "आता घे." गरज अशी कागदावर आली, म्हणून पुढे दुकानात कोणाच्याही बोलण्याने मी हललो नाही.

दुसरे आभार तुमच्या जुन्या बेसचे. ऑर्केस्ट्राच्या दिवसांपासून तुमच्याजवळ असलेलं वाद्य तुम्ही मला गिगसाठी, म्हणजे कार्यक्रमांसाठी, वापरायला दिलंत. विकत घेण्याआधी पाच तारांची सवय व्हावी म्हणून. आपलं वाद्य दुसऱ्याच्या खांद्यावर देताना वाजवणाऱ्याला काय वाटतं ते मला कळतं, म्हणून ही गोष्ट मी विसरणार नाही. त्या बेसवरच कळलं की पाच तारांवर वाजवण्याइतकंच महत्त्वाचं काम तारा गप्प ठेवण्याचं आहे. ई किंवा ए वाजवताना बीची तार आपोआप घुमायला लागते. घरी ते ऐकू येत नाही. मोठ्या स्पीकरवर मात्र सगळ्या गाण्याखाली एक गढूळ घुमारा सुरू होतो. तुम्ही माझा उजवा अंगठा पिकअपवरून (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागावरून) उचलून बीच्या तारेवर ठेवलात आणि वरच्या तारांकडे जाताना तो सोबत सरकवायला लावलात. डाव्या हाताची रिकामी बोटं तारांवर हलकी टेकवायला सांगितलीत. हे अंगात मुरायला वेळ लागतो, आणि तो वेळ मला तुमच्या वाद्यावर मिळाला.

आता मुख्य गोष्ट. बीची तार ऐकायची कशी, हे तुम्ही शिकवलंत. दुकानात सगळे जण बेस हातात आला की आपला आवडता तुकडा वाजवतात, तोही वरच्या तारांवर. तुम्ही मला तसं करू दिलं नाहीत. आधी ईची मोकळी तार, मग बीच्या तारेवर पाचव्या फ्रेटवरचा, म्हणजे दांडीवरच्या पाचव्या धातूपट्टीजवळचा, ई. स्वर तोच, जागा वेगळी. दोन्हींचं वजन, दोन्हींची सुरुवात आणि दोन्ही किती वेळ टिकतात ते ऐकायचं. मग बीवर एकेक फ्रेट खाली येत मोकळ्या तारेपर्यंत जायचं. कुठल्या फ्रेटवर स्वर मऊ पडतो, कुठे नुसता घरघरतो, कुठे त्याचा सूर ओळखू येईनासा होतो, हे लक्ष देऊन ऐकायचं. "पाचवी तार ह्याच बेसची वाटली पाह्यजे, दुसऱ्या वाद्याची नाही," हे तुमचं वाक्य माझ्या मनात पक्कं बसलं आहे. कितीतरी बेस चार तारांपर्यंत सुंदर वाजले आणि पाचवीवर आले की रबर ओढल्यासारखे झाले. ते सगळे तिथेच बाद.

असं का होतं तेही तुम्ही समजावलंत. ईचा मूळ स्वर सुमारे 41 हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपनं), बीचा जेमतेम 31. लांबी तीच ठेवून इतकं खाली जायचं तर तार जाड करावी लागते. साधारण संचात ई 105 ची असते, बी 130 ची (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात). तार जाड झाली की ती कडकही होते, मग मूळ स्वरासोबत वाजणारे तिचे वरचे उपस्वर नेमके जागेवर पडत नाहीत आणि स्वर धूसर वाटतो. त्यावर उपाय म्हणून कोणी लांबी 34 इंचांवरून 35 वर नेतात. तीच तार त्याच सुरात ठेवली तर एवढ्याने ताण सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो. डिंगवॉलसारखे बनवणारे फ्रेट पंख्यासारखे पसरवून बीला 37 इंच देतात आणि वरच्या तारेला 34. हे सगळं खरं आहे. पण माझं मत आता तुमच्यासारखंच झालं आहे. केवळ 35 इंच आहे म्हणून कोणताही बेस चांगला ठरत नाही. नेक, म्हणजे दांडी, बॉडीला किती घट्ट बसली आहे, नटवरची (नेकच्या टोकाच्या आडव्या पट्टीवरची) खाच बीच्या जाडीला पुरेशी आहे का, फ्रेट सपाट आहेत का, तारा ताज्या आहेत का, यावर कितीतरी जास्त अवलंबून असतं. दोन्ही लांबीचे बेस तुम्ही मला डोळे मिटून ऐकायला लावलेत. त्यातला जो मला जास्त आवडला तो 34 इंची निघाला.

तुमच्याकडून ऐकलेला इतिहास मी आमच्या ड्रमरलाही सांगितला. फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस आणला, आणि 1965 मध्ये पाच तारांचा बेस काढला तेव्हा पाचवी तार खाली न देता वर दिली, उंच सीची. खालच्या बीसाठी 1976 मध्ये बेसवादक जिमी जॉन्सन यांनी अलेम्बिक कंपनीकडून पाच तारांचा बेस करून घेतला. म्युझिक मॅनचा स्टिंगरे फाइव्ह 1987 मध्ये आला आणि पुढे रॉकच्या स्टेजवर ही तार रुळली. सिंफनी ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या डबल बेसला मात्र खालच्या बीची पाचवी तार आधीपासून असायची, हे मला तुमच्यामुळे कळलं. तुम्ही हे सांगता तेव्हा आपण वाजवतो ते वाद्य एका लांब परंपरेतलं आहे असं वाटतं. मला ते फार मोलाचं वाटतं.

वजन, रुंदी या गोष्टी तुम्ही पटकन निकालात काढल्यात, पण नेमक्या. पट्टा लावून उभं राहायचं, दोन्ही हात सोडायचे, नेक जमिनीकडे झुकते का पाहायचं. पाचव्या खुंटीचं वजन डोक्याकडे वाढलेलं असतं. तीन तासांच्या गिगमध्ये डावा हात नेक सावरण्यातच दमला तर वाजवणार काय? तारांमधलं अंतरही तुम्ही ब्रिजवर (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथे) मोजपट्टी धरून मोजायला लावलंत. आयबानेझच्या एसआर मालिकेतल्या पाच तारांच्या बेसवर ते 16.5 मिलिमीटर भरतं, चार तारांच्या फेंडरवर साधारण 19. बोटांनी भरभर वाजवणाऱ्याला जवळच्या तारा सोयीच्या पडतात. मी मधूनमधून पिकही वापरतो आणि थोडं स्लॅपही करतो, मला या दोहोंच्या मधलं अंतर बरं वाटलं.

आणि बॅटरी! प्रीअ‍ॅम्प (आवाज वाढवणारं आतलं सर्किट) असलेल्या बेसची नऊ व्होल्टची बॅटरी गाण्याच्या मध्येच जाते तेव्हा कशी अवस्था होते, हे तुम्ही अनुभवातून सांगितलंत. म्हणून शेवटी घेतलेल्या यामाहाच्या बीबी 735ए वर अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्हचं बटण आहे याचा मला फार आनंद आहे. बॅटरी संपली तर बटण दाबायचं आणि गाणं पुढे न्यायचं. याची नेक सहा स्क्रूंनी बसवलेली आहे आणि तारा बॉडीच्या मागून ओवता येतात. बी ऐकायची ती कसोटी लावली तेव्हा पाचव्या फ्रेटपासून मोकळ्या तारेपर्यंत स्वर कुठेही मऊ पडला नाही. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसती मान हलवलीत. मला तेवढं पुरलं.

पण माझ्यासाठी सर्वांत मोठी मदत वसंतराव देशपांडे सभागृहातल्या साउंडचेकची. तुम्हाला त्या दिवशी काहीच काम नव्हतं. तरी आलात, सगळ्यात मागच्या रांगेच्या पाठीशी जाऊन उभे राहिलात आणि तिथून हाताने खुणा करत राहिलात. स्टेजवर मला बी भरदार वाटत होती, मागे मात्र नुसता गडगडाट पोचत होता. तुम्ही साउंडवाल्याशी किती आदराने बोललात ते मी पाहत होतो. 31 हर्ट्झ त्या स्पीकरमधून धड येणारच नाहीत, आपल्याला बी ऐकू येते ती मुख्यतः 62 च्या आसपासच्या उपस्वरामुळे, म्हणून अगदी तळाचं थोडं कापा आणि त्याच्या वरचं मोकळं ठेवा, असं तुम्ही त्याला सुचवलंत. त्याने ते मनापासून केलं. मग ड्रमरला बोलावून किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) थोडा वर ट्यून करायला लावलात, कारण दोघं एकाच जागेत घुसत होतो. मला सांगितलंत, "खालचा स्वर लांबवू नको, किकसंग वाजव अन् सोड." त्या संध्याकाळी गायिकेने गाणं संपल्यावर मागे वळून पाहिलं. पहिल्यांदाच आपल्या आवाजाखाली काहीतरी भक्कम आहे असं वाटलं, हे तिने नंतर मला सांगितलं. ते श्रेय तुमचं आहे, आणि तिचेही आभार या पत्रात आहेत.

नागपूरच्या हवेचं तुम्ही सांगितलंत तेही इथल्या प्रत्येकाने ऐकावं. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, लाकूड कोरडं पडतं. मग आपण खोलीत कूलर लावतो आणि त्याच ओल्या हवेच्या झोतात गिटार स्टँडवर उभी करतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की हवा पुन्हा बदलते. पाच तारांच्या ओढीखाली नेक या सगळ्याने जाणवेल इतकी वाकते. कूलरसमोर वाद्य ठेवायचं नाही, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही, आणि ऋतू बदलला की ट्रस रॉड (नेकचा बाक सावरणारी आतली सळई) थोडा थोडा फिरवून बीची उंची पुन्हा पाहायची. गेल्या पावसाळ्यात मी हे तुमच्यासमोर बसून केलं, आता एकटा करू शकतो.

तुम्ही इतकी वर्षं वाजवलंत, इतक्या कलाकारांच्या मागे उभे राहिलात, आणि बेस वाजवणाऱ्याचं नाव निवेदक बहुतेक वेळा शेवटी घेतो, कधी घेतही नाही. आमच्या कार्यक्रमात आम्ही तुमचं नाव स्टेजवरून घ्यायचं ठरवलं होतं, तुम्ही नको म्हणालात. या पत्रातही तुमच्या इच्छेप्रमाणे नाव लिहिलेलं नाही. पण ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि सदरच्या जॅम रूममध्ये हे पत्र वाचून कोणीतरी तुमच्याकडे नक्की येईल.

तुमचा बेस रविवारी सकाळी परत आणून देतो. त्याला नव्या तारा लावल्या आहेत, तुम्हाला आवडते तशी 130 ची बी, आणि सैल झालेला जॅकही नीट करून घेतला आहे. येताना तर्री पोहे घेऊन येईन. आमच्या की-बोर्डवाल्याचा धाकटा भाऊ चार तारांवर चांगला तयार झाला आहे आणि त्याला आता पाचवी हवी आहे. तुमची हरकत नसेल तर त्यालाही सोबत आणू का? गाण्यांचा कागद घेऊनच ये, असं मी त्याला सांगून ठेवलं आहे.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
बँडमधला बेसवाला